विली मिचेल आणि अल ग्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या एका जुन्या सिनेमागृहात १९७०च्या दशकात तयार झालेली अल ग्रीनची गाणी आजही जाहिरातींत, चित्रपटांत, लग्नाच्या पार्ट्यांत वाजतात. ऐकणारे गायकाला ओळखतात, पण त्या आवाजामागे बसलेल्या विली मिचेलबद्दल फार कमी जणांना माहिती असते. या जोडीबद्दल सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. शेवटचे प्रश्न स्वतः रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी आहेत, घाई असेल तर थेट तिथे जा.

हे दोघे नक्की कोण?

विली मिचेल (१९२८–२०१०) हा ट्रम्पेटवादक, बँडमास्टर, संयोजक आणि मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्स या कंपनीचा प्रोड्युसर. १९६८ साली त्याच्या बँडचं ‘सोल सेरेनेड’ हे वाद्यसंगीत बऱ्यापैकी गाजलं होतं. अल ग्रीन त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. जन्म १९४६चा, आर्कान्सा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीचा. घरचे पुढे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला राहायला गेले. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा ‘ई’ होता, तो त्याने नंतर काढून टाकला. १९६९ ते १९७६ या काळात हाय रेकॉर्ड्सवर ग्रीनचे दहा स्टुडिओ अल्बम आले आणि सगळ्यांवर प्रोड्युसर म्हणून मिचेलचं काम आहे.

त्यांची भेट कुठे झाली?

टेक्सासमधल्या मिडलँड गावात, एका क्लबमध्ये. ग्रीनचं ‘बॅक अप ट्रेन’ हे गाणं १९६७-६८मध्ये आर अँड बीच्या (कृष्णवर्णीय अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या) यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, पण त्यानंतर काहीच चाललं नव्हतं. त्या रात्री तो मिचेलच्या बँडसोबत गायला. मिचेलने त्याला मेम्फिसला यायला सांगितलं. दोघांनीही पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी: ‘स्टार व्हायला किती दिवस लागतील?’ या प्रश्नावर मिचेल म्हणाला, दीड वर्ष. ग्रीनला ते फार वाटलं. तरी जुनी देणी फेडायला त्याने मिचेलकडून १५०० डॉलर घेतले आणि गायब झाला. बऱ्याच दिवसांनी तो दारात उभा राहिला तेव्हा मिचेलने आधी त्याला ओळखलंच नाही म्हणतात. दीड वर्षाचा अंदाज मात्र थोडा कमीच पडला.

मिचेल नेमकं काय काय करायचा?

संगीतकार, संयोजक आणि रेकॉर्डिस्ट या तिन्ही खुर्च्यांवर तोच. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बसवणं, ब्रासच्या (ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांच्या) ओळी लिहिणं, वादकांना काय वाजवायचं आणि मुख्य म्हणजे काय वाजवायचं नाही ते सांगणं, माइक लावणं, मिक्सरवर बसणं. १९७०मध्ये कंपनीचा एक संस्थापक जो कुओगी वारला. त्यानंतर कोणतं गाणं करायचं आणि ते कधी पुरं झालं म्हणायचं, हेही मिचेलच्याच हाती आलं.

यातून एक मोठा फायदा झाला. गायकाने दबक्या आवाजात गायचं ठरवलं की बाकी सगळ्याच गोष्टी बदलाव्या लागतात: ड्रमचा जोर, गिटारची जागा, माइकचं अंतर, मिक्समधली (सगळे आवाज एकत्र जुळवतानाची) पातळी. हे निर्णय चार वेगळ्या माणसांकडे असतील तर एक जण तरी ऐकत नाही. इथे चौघांच्या जागी एकच माणूस होता.

पहिले दोन अल्बम नंतरच्यांसारखे का वाटत नाहीत?

कारण तोपर्यंत ग्रीन दुसऱ्यांसारखं गात होता. ‘ग्रीन इज ब्लूज’ (१९६९) हा अल्बम बहुतांशी इतरांच्या गाण्यांचा आहे, बीटल्सचं ‘गेट बॅक’सुद्धा त्यात आहे. गळ्यावर ओटिस रेडिंग, जॅकी विल्सन, सॅम कुक अशांची छाया. आवाज उत्तम, पण ओरडून गाणाऱ्या चांगल्या गायकांची तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काही कमी नव्हती.

‘अल ग्रीन गेट्स नेक्स्ट टू यू’ (१९७१) मध्ये दोन्ही ग्रीन शेजारी शेजारी सापडतात. टेम्प्टेशन्सचं ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’ त्याने ठेका संथ करून, खरखरीत गळ्याने गायलं आहे. त्याच अल्बममधलं ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’ हे त्याचं स्वतःचं गाणं. तिथे तो आवाज सोडतो, ओळीच्या शेवटी कुजबुजतो, मध्येच गुणगुणतो. हे गाणं अमेरिकेतल्या हॉट १०० या मुख्य लोकप्रियता यादीत अकराव्या क्रमांकावर पोहोचलं आणि कोणत्या रस्त्याने जायचं हा प्रश्न सुटला. निदान मिचेलपुरता तरी.

‘लेट्स स्टे टुगेदर’ कसं तयार झालं?

आधी संगीत, मग शब्द. मिचेल आणि ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर यांनी कॉर्ड आणि ठेका बसवला होता. ग्रीनने तो ऐकून थोड्याच वेळात शब्द लिहिले, पाच मिनिटांत लिहिले अशी आख्यायिका आहे. श्रेय तिघांच्या नावे आहे.

खरा वेळ गाण्यात गेला. ग्रीनला हा मवाळ सूर पसंत नव्हता, त्याला जोरात गायचं होतं. दोन दिवस वाद झाला असं सांगतात. मिचेलचं म्हणणं एकच, की आवाज आणखी खाली आण. शेवटी जो टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) मिळाला त्यात जोर लावलेली जागा शोधावी लागते.

गाणं नोव्हेंबर १९७१मध्ये बाजारात आलं आणि फेब्रुवारी १९७२मध्ये एक आठवडा हॉट १००च्या शिखरावर होतं. आर अँड बीच्या यादीत मात्र सलग नऊ आठवडे पहिलं. लांबी सव्वातीन मिनिटांच्या आसपास, लय मिनिटाला साधारण १०० ठोके. मूळ पट्टी एफ, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी चार.

आवाज खाली आणल्याने इतका फरक का पडतो?

तीन कारणं आहेत.

पहिलं शरीराचं. जोरात गाताना गळा ताणलेला असतो, त्यामुळे छातीच्या आवाजातून वरच्या फॉल्सेटोत (पातळ, हलक्या आवाजात) जाताना सांधा ऐकू येतो. दाब कमी असेल तर हा सांधा जवळजवळ पुसला जातो. ग्रीन एका शब्दाच्या मध्येच वर सरकतो आणि परत येतो. त्याच्या हरकती जोरात घेऊन पाहा, निम्म्या अडकतात.

दुसरं माइकचं. हळू गाणारा माणूस माइकच्या जवळ उभा राहू शकतो. जवळ गेलं की दिशा ओळखणाऱ्या माइकमध्ये खालचे स्वर आपोआप भरदार होतात, आणि ओठांचा, श्वासाचा, गिळल्याचा बारीक आवाजही येतो. कानाशी कोणी बोलतंय असं वाटण्याचं कारण हेच. त्यात जादू काही नाही, अंतर आहे.

तिसरं कारण गाण्याच्या रचनेचं. पूर्ण गाणं शंभर टक्के जोरात गायलं तर चढायला जागाच उरत नाही. ग्रीन बहुतेक वेळ निम्म्याहून खाली राहतो, म्हणून एखाद्या ओळीत किंचित जोर दिला तरी ती ओळ मोठी वाटते.

९ नंबरचा माइक म्हणजे काय?

आरसीए ७७-डीएक्स हा रिबन माइक. स्टुडिओतल्या माइकांना नंबर दिलेले होते, त्यातला हा नववा. ग्रीनचा आवाज यावरच रेकॉर्ड होत असे, म्हणून स्टुडिओने तो पुढेही त्याच्यासाठी जपून ठेवला.

रिबन माइकमध्ये चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची केसापेक्षा पातळ पट्टी टांगलेली असते. आवाजाने ती हलते आणि वीज तयार होते. वरचे तीक्ष्ण स्वर ती फार उचलत नाही, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ टोचत नाहीत, फॉल्सेटो पातळ होत नाही. ७७-डीएक्सच्या मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवून माइकने चहूबाजूंनी ऐकायचं, दोन बाजूंनी की एकाच बाजूने, ते ठरवता येतं. खाली आणखी एक स्विच असतो, त्यावर ‘एम’, ‘व्ही१’, ‘व्ही२’ अशी अक्षरं आहेत: संगीतासाठी पूर्ण खर्ज, बोलण्यासाठी कमी केलेला खर्ज.

या माइकने काय बिघडतं? पट्टी नाजूक असते, तोंडाची थेट फुंकर बसली की ताणली जाते. सिग्नल अशक्त असतो, त्यामुळे प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं यंत्र) चांगला नसेल तर खरखर वर येते. आणि जुन्या रिबनला सदोष केबलमधून फँटम पॉवर (काही माइकांना केबलमधूनच दिली जाणारी वीज) गेली तर पट्टी कायमची वाया जाऊ शकते.

रॉयल स्टुडिओत असं काय वेगळं आहे?

ते मुळात रॉयल नावाचं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. उतारामुळे जमीन आणि छत समांतर राहत नाहीत. समांतर पृष्ठभागांमध्ये आवाज चेंडूसारखा पुढेमागे उसळत राहतो, त्याने टाळीनंतर धातूसारखा झणकार ऐकू येतो. इथे तो होत नाही. शिवाय भिंतींवर आवाज शोषणारं साहित्य भरपूर. परिणामी ड्रम कोरडे, जाड आणि जवळचे वाटतात.

मिचेलचा एक नियम म्हणजे, जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. माइकांच्या, ड्रमच्या जागा ठरलेल्या. यामुळे १९७१चं गाणं आणि १९७४चं गाणं एकाच खोलीतली वाटतात. दर वर्षी नवीन उपकरण आणून आवाज ‘सुधारणाऱ्या’ स्टुडिओंनी हा मुद्दा भिंतीवर लिहून ठेवावा.

वादक कोण होते?

मुख्य संच हाय ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे ठेका आणि साथ धरणारे वादक. त्यात तीन सख्खे भाऊ: मेबन ‘टीनी’ हॉजेस गिटारवर, लेरॉय हॉजेस बेसवर, चार्ल्स हॉजेस ऑर्गनवर. जोडीला कीबोर्डवर आर्ची टर्नर, हा मिचेलचा सावत्र मुलगा. ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स किंवा अल जॅक्सन. ही पोरं कोवळ्या वयात मिचेलच्या हाताखाली आली, त्यामुळे वेगळ्या सवयी मोडायची वेळच आली नाही.

ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल. गिटार आणि ऑर्गन एकाच वेळी एकाच जागी बोलत नाहीत. टीनी ओळींच्या मधल्या फटीत दोन-तीन स्वर टाकतो आणि थांबतो. चार्ल्स लांब स्वर धरून ठेवतो, ओळ संपली की हलकेच वर येतो. बेस कमी स्वर वाजवतो, पण प्रत्येक स्वर पूर्ण लांबीचा. मधली पट्टी, म्हणजे गायकाचा आवाज जिथे असतो ती जागा, जवळपास मोकळी राहते.

दोन ड्रमर का?

जॅक्सन मुळात शेजारच्या स्टॅक्स कंपनीचा, बुकर टी. अँड द एमजीज या बँडचा. मेम्फिसमधला सर्वांत विश्वासू ठेका त्याचा मानला जाई. मिचेलसोबत तो गाणी रचायलाही बसायचा. ‘लुक व्हॉट यू डन फॉर मी’, ‘आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू’ आणि ‘यू ऑट टू बी विथ मी’ या तिन्हींवर ग्रीन आणि मिचेलसोबत त्याचं नाव आहे. पहिलं हॉट १००मध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं, नंतरची दोन तिसऱ्या. तिन्ही एकाच वर्षातली, १९७२ची.

ग्राइम्स हा घरचा ड्रमर. ‘लव्ह अँड हॅपिनेस’ त्याचं. तिथला ठेका जड आहे, पण घाईत कधीच नाही. दोघांच्याही वादनात झांजांचा चकचकाट अगदी कमी. टॉम ड्रमचा दबका ठोका जास्त. वरचे स्वर झांजांनी भरले असते तर ग्रीनचा फॉल्सेटो त्यात बुडाला असता.

ब्रास, स्ट्रिंग्ज आणि कोरस केव्हा घातले जात?

नंतर. आधी ऱ्हिदम सेक्शन एकत्र वाजवून टेपवर घेतला जाई. गायकाचा पक्का टेक त्यावर. मग ब्रास, कोरस आणि तंतुवाद्यं. ब्रासमध्ये वेन जॅक्सनचा ट्रम्पेट, अँड्र्यू लव्हचा टेनर सॅक्सोफोन, आणि विलीचा भाऊ जेम्स मिचेल बॅरिटोन सॅक्सोफोनवर. कोरस ऱ्होड्स-चाल्मर्स-ऱ्होड्स या तिघांचा: सँड्रा आणि डोना ऱ्होड्स या बहिणी आणि चार्ल्स चाल्मर्स.

गायकाच्या पक्क्या टेकवर ब्रास लिहिण्याचा फायदा उघड आहे. श्वास कुठे घेतला, कुठे ओळ लांबवली, हे कळलेलं असतं, त्यामुळे ट्रम्पेट त्याच फटीत बसतो. उलट क्रमाने केलं तर गायकाला ब्रासच्या मधून वाट काढत गावं लागतं.

कॉर्ड इतर सोल गाण्यांपेक्षा वेगळे का वाटतात?

मिचेलचे कान जाझमध्ये तयार झालेले. अमेरिकेच्या दक्षिणेतलं सोल (चर्चच्या गायकीतून आलेलं कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीत) चर्चच्या तीन-चार साध्या कॉर्डवर चालत असताना तो सातव्या आणि नवव्या स्वरांचे कॉर्ड वापरायचा, बेस पायरी पायरीने खाली उतरवायचा. खाली ठेका साधा, वर कॉर्ड नाजूक. कॉर्डमध्ये सातवा स्वर असला की तो पूर्णपणे ‘घरी’ आल्यासारखा वाटत नाही, थोडी हुरहुर शिल्लक राहते. ग्रीनची अर्धवट सोडलेली ओळ त्यावर चपखल बसते. साध्या कॉर्डवर तीच ओळ अपुरी वाटली असती. गिटारवर ही गाणी बसवताना मेजर सेव्हनच्या जागी नुसता मेजर वाजवून पाहा. सूर बरोबर लागतील, गाणं लागणार नाही.

इतरांची गाणी, तीही कंट्री संगीतातली, का घेतली?

बी जीजचं ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’ ग्रीनने सहा मिनिटांहून जास्त लांब केलं. ‘कॉल मी’ (१९७३) या अल्बममध्ये हँक विल्यम्सचं ‘आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय’ आणि विली नेल्सनचं ‘फनी हाउ टाइम स्लिप्स अवे’ आहे. मेम्फिसमध्ये हे वेगळं काही नव्हतं. एकाच शहरात, एकाच रेडिओवर दोन्ही संगीत वाजत होतं, आणि हाय रेकॉर्ड्सच्या संस्थापकांमध्ये रॉकबिली (सुरुवातीचं कंट्री-मिश्रित रॉक) आणि कंट्रीतली माणसं होती.

शिवाय व्यवहाराचाही भाग आहे. वर्षाला दोन अल्बम काढायचे तर सगळीच गाणी स्वतःची आणि सगळीच पहिल्या दर्जाची, हे कोणालाच जमत नाही. मध्यम दर्जाचं नवीन गाणं भरण्यापेक्षा उत्तम जुनं गाणं घेऊन ते वितळवणं बरं. ‘कॉल मी’ हा या जोडीचा सर्वोत्तम अल्बम आहे, आणि त्याचं बरंच श्रेय या निवडीला जातं.

श्रेय आणि पैसे कसे वाटले जात?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल, हा एक हक्क. त्याचं एखादं विशिष्ट रेकॉर्डिंग हा दुसरा. रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. रचनेचा हक्क लिहिणाऱ्यांचा, आणि तो दुसऱ्या कोणी गाणं गायलं तरी पैसे आणत राहतो.

‘टेक मी टू द रिव्हर’ हे उत्तम उदाहरण. रचना ग्रीन आणि टीनी हॉजेस यांची, १९७४चा अल्बम ‘अल ग्रीन एक्सप्लोअर्स युअर माइंड’. ग्रीनचं गाणं अमेरिकेत सिंगल (एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड) म्हणून गाजवलंच गेलं नाही. मिचेलने त्याच हाय रेकॉर्ड्सवर सिल जॉन्सनकडून ते गाऊन घेतलं, आणि १९७८मध्ये टॉकिंग हेड्स या बँडने केलेलं रूप हॉट १००मध्ये २६व्या क्रमांकापर्यंत गेलं. प्रत्येक वेळी रचनाकार म्हणून हॉजेसचं नाव होतंच. गिटारवादकाला फक्त त्या दिवसाचा मेहनताना देऊन वाटेला लावलं असतं, तर हे झालं नसतं.

मिचेलने इतर गायकांसोबतही हेच केलं का?

तीच खोली, तेच वादक, पण साचा तोच नाही. ॲन पीबल्सचं ‘आय कान्ट स्टँड द रेन’ (१९७३) ऐका. सुरुवातीला इलेक्ट्रिक टिंबाली या तालवाद्यातून पावसाच्या थेंबांसारखा आवाज काढला आहे, आणि पीबल्सचा आवाज ताठ, समोर उभा. ओ. व्ही. राइट आणि ओटिस क्ले यांना तर त्याने मोकळ्या गळ्यानेच गाऊ दिलं, कारण त्यांचं बळ तिथे होतं. आवाज खाली आणणं हा ग्रीनसाठीचा उपाय होता. तो सगळ्यांना लावायचा नसतो.

मग जोडी का फुटली?

एका घटनेवर बोट ठेवायची सवय आहे, ती म्हणजे ऑक्टोबर १९७४. एका मैत्रिणीने ग्रीनच्या घरी त्याच्या अंगावर उकळती मक्याची पेज ओतली आणि नंतर स्वतःला गोळी मारून घेतली. तो गंभीर भाजला. पण धर्माकडे त्याचा ओढा १९७३पासूनच होता, आणि या घटनेनंतरही मिचेलसोबत तीन अल्बम झाले.

कारणं साचत गेली. १ ऑक्टोबर १९७५ रोजी अल जॅक्सनचा खून झाला आणि रचनेच्या टेबलावरचा तिसरा माणूस गेला. १९७५-७६चे अल्बम चांगले आहेत, पण युक्त्या ओळखीच्या झाल्या होत्या. १९७६च्या शेवटी ग्रीनने मेम्फिसमध्ये चर्चची इमारत घेतली आणि तो तिथे पाळक झाला. मिचेलला गॉस्पेलच्या (ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या) रेकॉर्डमध्ये रस नव्हता. १९७७मध्ये हाय रेकॉर्ड्स विकली गेली. त्याच वर्षी ग्रीनने स्वतःच्या स्टुडिओत, नवे वादक घेऊन ‘द बेल अल्बम’ केला. त्यावर गिटार बरीचशी त्याची स्वतःची आहे, आवाज मोकळा आणि वरचा आहे. विक्री कमी झाली, पण रेकॉर्ड धाडसी आहे. जोडी फुटल्यावर सगळं संपलं असं म्हणणाऱ्यांनी ती ऐकलेली नसते.

पुन्हा एकत्र आले का?

हो. १९८५मध्ये ‘ही इज द लाइट’ या गॉस्पेल अल्बमसाठी, मग ब्लू नोट कंपनीसाठी ‘आय कान्ट स्टॉप’ (२००३) आणि ‘एव्हरीथिंग्ज ओके’ (२००५). ‘आय कान्ट स्टॉप’ रॉयल स्टुडिओतच, जुन्या वादकांपैकी काहींना घेऊन, त्याच ९ नंबरच्या माइकवर. गायकाचं वय ऐकू येतं. खोलीचं येत नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

हेडफोन लावा. ‘लेट्स स्टे टुगेदर’मध्ये ब्रासची ओळ संपल्यावर पहिला छोटासा शब्द ग्रीन दोनदा घेतो. पहिल्यांदा जणू चुकून, दुसऱ्यांदा मनापासून. तेवढ्या एका सेकंदात आवाज छातीतून वर जाऊन परत येतो.

मग ‘लव्ह अँड हॅपिनेस’. सुरुवातीला फक्त टीनीची गिटार आणि ग्रीन, लय ठरलेली नाही. गिटार थांबते. खोक्यावर पाय आपटून मोजलेले ठोके येतात, आणि ऑर्गन आत सरकतो. ते ठोके संगीताचा भाग नव्हते, मोजणी होती. मिचेलने ती कापली नाही.

त्यानंतर ‘कॉल मी’ अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. निवडक गाण्यांचे संग्रह नंतर.

घरच्या स्टुडिओत हा आवाज आणायचा असेल तर?

पट्टीपासून सुरू करा. गायकाने गाणं जोरात म्हणताना निवडलेली पट्टी दबक्या आवाजाला चालत नाही. तीच चाल एक-दोन स्वर वर आणि खाली नेऊन म्हणायला लावा, आणि छातीचा आवाज जिथे फॉल्सेटोत बदलतो तो स्वर मुखड्याच्या महत्त्वाच्या शब्दावर येतो का पाहा. तिथे आला तर पट्टी बरोबर.

लय ९० ते १०५च्या दरम्यान ठेवा. स्नेअर ड्रमवर रुमाल किंवा पातळ टॉवेल टाका. अल जॅक्सन आपलं पैशाचं पाकीट ठेवायचा. झांजा जवळजवळ काढून टाका. गिटार आणि कीबोर्ड वेगवेगळ्या सप्तकांत बसवा, आणि गायक गात असताना दोघांपैकी एकालाच हलू द्या.

माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला वळवून. रिबन असेल तर प्रीॲम्पवर ६० डेसिबलच्या पुढे गेन लागेल, साधा कंडेन्सर माइक असेल तर बरंच कमी. कंप्रेशन (मोठा आवाज आपोआप दाबणं) ३:१ किंवा ४:१, काटा ४ ते ६ डेसिबल हलेल इतकंच. हळू गाण्यात खोलीचा प्रत्येक आवाज पकडला जातो, तेव्हा छताचा पंखा आणि एसी बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, म्हणून गाण्याचे टेक रात्री घ्या.

गायकाला ‘हळू गा’ असं नुसतं सांगून चालत नाही. हेडफोनमध्ये त्याचा आवाज थोडा वाढवा आणि बँड कमी करा, तो आपोआप दाब कमी करतो. फार वाढवू नका, सूर उतरायला लागतो. एक कान उघडा ठेवला की बरं.

हे करताना सर्वांत जास्त काय चुकतं?

ओळीच्या शेवटी सूर पडतो. दाब कमी केला की श्वासही सैल सोडला जातो, आणि शेवटचा स्वर खाली घसरतो. पोटाचा आधार जोरात गाताना लागतो तितकाच इथेही लागतो. व्यंजनं गिळली जातात, त्यावर उपाय म्हणजे शब्द आधी नुसते बोलून घेणं. तिसरी चूक मिक्समध्ये होते. आवाज हळू आहे म्हणून त्यावर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) घातला जातो, आणि जवळीक मिळवण्यासाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. रिव्हर्ब कोरसला द्या, ब्रासला द्या, मुख्य आवाजाला नाममात्र.

चौथी चूक संगीतातली नाही. रचनेचं श्रेय कोणाला किती टक्के, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. भारतात कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सरसकट सोडून देता येत नाही, पण मुळात रचनाकार कोण हेच लिहिलेलं नसेल तर भांडण होणारच.

रॉयल स्टुडिओ आज चालू आहे का?

चालू आहे. मिचेल कुटुंबच चालवतं, आणि समोरच्या रस्त्याला आता विली मिचेलचं नाव आहे. मार्क रॉन्सन आणि ब्रुनो मार्स यांच्या ‘अपटाउन फंक’चं काही काम तिथेच झालं.